कपाटाखालची वीट

"कपाटासाठी वेबसाइट काढतोय," असं मी घरात जाहीर केलं तेव्हा बायको ओली चादर झटकत होती. तिने झटकणं पूर्ण केलं, चादर दोरीवर टाकली, कोपरे ओढून सारखे केले आणि मग विचारलं, "कुठल्या? कपड्यांच्या की भांड्यांच्या?"

माझ्या कलेची घरात एवढीच दखल घेतली जाते. गेली कित्येक वर्षं मी दर आठवड्याला एक चित्रमालिका काढतो, आणि तिचा नायक म्हणजे एका सरकारी कचेरीतलं लोखंडी कपाट. किल्ली हरवलेली, दार न उघडणारं, एक पाय मोडलेला आणि त्या पायाखाली वीट. हे कपाट काही करत नाही. उभं राहतं, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघतं आणि मनातल्या मनात बोलतं. कोपऱ्यातला टेबलफॅन त्याचा मित्र आहे. तो प्रत्येक गोष्टीला मान हलवून नाही म्हणतो. एवढंच कथानक. नायक कपाटच का, असं कोणी विचारलं तर मी कलावंताला शोभेल असं काहीतरी गूढ बोलतो. पण खरं कारण असं की मला माणसं काढता येत नाहीत. हा शोध दादाचा. "तुझी माणसं उकडलेल्या बटाट्यासारखी दिसतात," तो म्हणाला होता. "तू फर्निचर काढ."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याची सगळी नोकरी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. दुसऱ्यांच्या चुका बघून बघूनच डोळे गेले, असं वहिनी म्हणते. डॉक्टर वेगळं कारण सांगतात. तो माझ्या मालिकेचा संपादक, टीकाकार आणि संपूर्ण वाचकवर्ग. मी कागदावर चित्र काढायचं, पाकिटात घालून त्याच्या गावी पाठवायचं. त्याने ते वाचून, लाल पेन्सिलीने खुणा करून परत पाठवायचं. बहुतेक वेळा समासात एकच शब्द असायचा: "वीट?" कारण मी वीट काढायला विसरतो. विनोद सुचला की हात घाईला येतो आणि पायाखालचं राहून जातं. "विटेशिवाय ते कपाट पडेल," दादा फोनवर सुनावायचा. "पडलेलं कपाट हा विनोद नाही. तो अपघात आहे."

मग पाकिटं परत येईनाशी झाली. मला वाटलं, पोस्टाचा घोळ. पोस्टाला मी मनसोक्त शिव्या दिल्या, त्यातल्या काही मला फार चांगल्या सुचल्या होत्या. नंतर वहिनीचा फोन आला. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय, म्हणाली. मग दादाने तिच्या हातून फोन घेतला.

"कडेकडेचं दिसतं रे. मधलं जातं. तुझ्या चित्राची चौकट दिसते, आतला विनोद दिसत नाही."

"तो आधी दिसायचा?"

"शोधावा लागायचा," दादा म्हणाला. "पण सापडायचा."

आम्ही दोघं हसलो. दोघांनाही एकाच वेळी हसू थांबवायचं होतं आणि कोणी आधी थांबायचं ते ठरत नव्हतं.

उपाय त्यानेच सांगितला. निवृत्त होताना छापखान्यातल्या लोकांनी त्याला पाटीएवढी टॅबलेट भेट दिली होती. तीवर दोन बोटं फाकवली की अक्षर चपलेएवढं होतं. तेवढं अजून त्याला कडेच्या नजरेने वाचता येत होतं. "तू वेबसाइट काढ," तो म्हणाला. "जुनी-नवी सगळी चित्रं टाक. मी एकेक मोठं करून बघेन."

हुशार वाचकाच्या मनात आता जो प्रश्न आला आहे, तो आमच्या इमारतीतल्या प्रत्येकाने मला विचारला: व्हॉट्सॲपवर का नाही पाठवत? बाबांनो, पाठवलं होतं. एक म्हणजे, फोटो मोठा केला की कपाटाचा भुसा होतो. दुसरं म्हणजे, दादाने ते उघडलंसुद्धा नाही. "हे कानात कुजबुजल्यासारखं झालं," म्हणाला. "मला अंक पाहिजे. चारचौघांसमोर मांडलेला. खाजगीत चुका काढण्यात काय मजा?" ज्याची हयात छापखान्यात गेली त्याला समजावण्यात अर्थ नव्हता. आणि डॉक्टर त्याला म्हणाले होते, किती दिवस दिसेल ते सांगता येत नाही, जे बघायचं ते बघून घ्या. लोक अशा वेळी डोंगर बघतात, समुद्र बघतात. याला माझं कपाट बघायचं होतं.

तेव्हा काम घाईचं होतं. घाईच्या कामाला मदतीचे हात फार लागतात आणि आमच्या इमारतीत ते भरपूर आहेत. पहिले आले सेक्रेटरी. इमारतीच्या गच्चीपासून गटारापर्यंत सगळं त्यांच्या अखत्यारीत येतं. आता इंटरनेटही आलं. वेबसाइटवर पत्ता आमच्या इमारतीचा असणार म्हणून कमिटीचं ना-हरकत पत्र लागेल, असं त्यांनी आधी बजावलं. मग बिस्किटं खात त्यांनी मुखपृष्ठाचा आराखडा सांगितला. वर इमारतीचा फोटो, त्याखाली सेक्रेटरींचा संदेश, त्याखाली सेक्रेटरींचा फोटो.

"आणि कपाट?"

"ते आतल्या पानावर घ्या की," ते उदारपणे म्हणाले.

वरच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टर राहतात. त्यांच्या दवाखान्याची वेबसाइट त्यांनी स्वतः केली होती, म्हणून मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सांगितलं की हल्ली तयार साचे मिळतात, आपण फक्त आपला माल ओतायचा. "पण माझा साचा तुम्हाला चालायचा नाही. त्यात दोनच चित्रं बसतात, उपचाराआधी आणि उपचारानंतर. तुमच्या कपाटाचं नंतर काय होणार?"

काहीच होणार नव्हतं. तेच तर त्याचं वैशिष्ट्य होतं.

शेवटी मोठमोठी चित्रं बसतील असा एकच फुकटचा साचा सापडला. तो उपाहारगृहासाठी होता. मी पदवीधर माणूस. एका उपाहारगृहात कपाट बसवणं मला अशक्य वाटलं नाही. पदार्थांची नावं काढली, आचाऱ्याचा फोटो काढला, 'आमची खासियत' होतं तिथे 'आमचं कपाट' लिहिलं. राहिलं फक्त एक हिरवं बटण: 'टेबल राखून ठेवा'. ते काढलं की वरचं चित्रही जायचं; चित्र परत आणलं की बटण पाठोपाठ यायचं. मदतकेंद्राला फोन केला. आपली तक्रार जेवणाविषयी असल्यास एक दाबा, असं एका आवाजाने सांगितलं. मी खूप वेळ थांबलो, पण कपाटाविषयी काहीच दाबता येत नव्हतं. शेवटी बटण ठेवलं. म्हटलं, फर्निचरच्या मालिकेत टेबल काही अगदीच परकं नाही.

मग चित्रं चढवायला घेतली. प्रत्येक चित्राखाली एक छोटा रकाना यायचा, त्यावर लिहिलेलं असायचं 'पर्यायी मजकूर' आणि शेजारी लाल तारा, म्हणजे अनिवार्य. तो भरल्याशिवाय चित्र वर चढायचंच नाही. मी सेक्रेटरींना विचारलं. ते म्हणाले, पर्यायी आहे म्हणजे नाही भरलं तरी चालतं. मी म्हटलं, अनिवार्य आहे. ते म्हणाले, मग भरावं लागेल. डॉक्टरांनी त्यांच्या दोन्ही चित्रांखाली 'दात' असं लिहिलं होतं आणि आजवर त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. मी पडद्यावर बारकाईने बघितलं, तर तिथे लिहिलेलं पानावर कुठे दिसतच नव्हतं. म्हणजे आमच्या कचेरीतल्या अर्जांवर असतो तसलाच हा रकाना. भरायचा सगळ्यांनी, वाचायचा कोणी नाही. मी नोकरीत असे रकाने भरण्यात मुरलेला. पहिल्या चित्राखाली 'चित्र' लिहिलं. दुसऱ्याखाली 'कपाट'. तिसऱ्याखाली 'पुन्हा कपाट'. चित्रं शेकड्यांनी होती. पुढे पुढे मी काय वाटेल ते लिहायला लागलो. जिथे कोणी वाचणार नाही अशी खात्री असते, तिथे माणूस जरा मोकळा होतो.

सगळं झालं आणि मी 'प्रकाशित करा' या बटणावर बोट ठेवणार, एवढ्यात सेक्रेटरींनी शेवटचं बिस्किट उचलत विचारलं, "तुम्ही सरकारी नोकर ना? परवानगी घेतली का काही छापायची?"

मी बोट मागे घेतलं. ते तेव्हा टेकवलं असतं तर बरं झालं असतं असं मला पुढे फार वेळा वाटलं. पण मध्यमवर्गीय माणसाचं बोट परवानगीशिवाय टेकत नाही.

मी पाणीपुरवठ्याच्या मीटर विभागात आहे. साहेबांनी माझी चित्रं दोन दिवस टेबलावर ठेवली आणि फाइल वाचावी तशी, प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर टीचभर सही करत वाचली. एकदाही हसले नाहीत. मग मला आत बोलावलं.

"हे आपलं कपाट आहे."

आमच्या विभागात एक कपाट आहे हे खरं. ते उघडत नाही हेही खरं. "नाही साहेब," मी म्हटलं. "हे काल्पनिक आहे."

"आणि वीट?"

"तीही काल्पनिक."

"आपल्या कपाटाखाली अशीच वीट आहे. त्याच आकाराची."

"साहेब, विटा एकाच आकाराच्या असतात."

हे उत्तर उद्धटपणाचं ठरलं. मला अर्ज करायला सांगितला, विषय: सदर कपाट काल्पनिक असल्याबाबत. मी तो केला. तो मुख्य कचेरीत गेला आणि शेरा घेऊन परत आला: 'सदर काल्पनिक कपाटाची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला आहे काय? असल्यास ते काल्पनिक कसे? नसल्यास त्याची खरेदी कोणाच्या मंजुरीने झाली?' असा सवाल मला आजवर एकाही टीकाकाराने टाकलेला नाही. मी लेखी उत्तर दिलं. त्यावर पुन्हा शेरा आला. अर्ज खाली-वर करत राहिला आणि मी घरी संध्याकाळी बसून, न छापलेल्या वेबसाइटवर आणखी चित्रं चढवत राहिलो, रकाने भरत राहिलो.

दर रविवारी दादाला फोन करायचो. सुरुवातीला तो विचारायचा, "आला का अंक?" मी साहेबांच्या नकला करायचो, तो हसायचा. मग एका रविवारी म्हणाला की वर्तमानपत्राचे मथळेच तेवढे वाचतो, बाकी वहिनी वाचून दाखवते. मग एका रविवारी म्हणाला, "मथळ्यांत तरी काय असतं?" त्यानंतर त्याने अंकाचं विचारणं बंद केलं. मी डोळ्यांचं विचारत नव्हतो. आम्ही हवेवर बोलायचो. दोन गावांची हवा त्या दिवसांत आमच्याइतकी कोणी तपासली नसेल.

शेवटी साहेबांनीच मार्ग काढला. अडचण साम्याची आहे ना? मग साम्य नाहीसं करू. त्यांनी आमच्या खऱ्या कपाटाखालची वीट काढून टाकायचा हुकूम दिला आणि जेवायला गेले. हुकमाची अंमलबजावणी झाली. कपाट काही क्षण विचार करत उभं राहिलं, मग पुढे झुकलं आणि साहेबांच्या रिकाम्या खुर्चीवर आडवं झालं. पडता पडता दार उघडलं. इतकी वर्षं सगळा विभाग त्यात काय आहे याचे तर्क लढवत होता. आत एक रिकामा जेवणाचा डबा आणि त्याच कपाटाची किल्ली निघाली.

चौकशी बसली. पडतेवेळी कपाटाखाली वीट नव्हती असं चौकशीत सिद्ध झालं. अर्थात चित्रातल्या कपाटाशी त्याचा संबंध नव्हता. सबब चित्रातलं कपाट काल्पनिक ठरलं आणि मला परवानगी मिळाली. हे मी दादाला फोनवर सांगितलं तेव्हा तो खोकला येईपर्यंत हसला.

"मी सांगत नव्हतो? वीट काढली की पडतं." मग खोकला थांबवून म्हणाला, "हे काढ. लवकर काढ." त्यातलं 'लवकर' त्याने सहज म्हटल्यासारखं म्हटलं. ते मला ऐकू आलं नाही असं मी दाखवलं.

परवानगीचा कागद हातात यायला आणखी पंधरा दिवस गेले; तो आला त्याच संध्याकाळी वेबसाइट जगासमोर मांडली. दादाला पत्ता पाठवला आणि वाट बघत बसलो. दुसऱ्या दिवशी फोन आला. नंबर अनोळखी होता.

"उद्या चौघांसाठी मिळेल का?"

"काय?"

"टेबल."

मी त्यांना समजावलं की हे उपाहारगृह नाही, चित्रमालिका आहे. ते म्हणाले, मग बटण कशाला ठेवलंत? नंतर आणखी फोन आले. एकाने तर आचाऱ्याला आतून बोलवायला सांगितलं. जगभरातून माझ्याकडे वाचक येत होते आणि सगळे भुकेले होते. दादाकडून मात्र काही नाही.

शनिवारी संध्याकाळी दारावर बेल वाजली. बाहेर एक वयस्क जोडपं उभं होतं. इस्त्रीचे कपडे, बाईंनी लहानशी पर्स दोन्ही हातांनी धरलेली. "आमचं दोघांचं टेबल आहे," गृहस्थ म्हणाले. "खिडकीजवळचं. लग्नाचा वाढदिवस आहे आज."

मी तोंड उघडणार, तोच बायको मागून पुढे झाली. तिने त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "या ना, या. खिडकीजवळच आहे." आमच्या घरात एकच टेबल आहे आणि ते खिडकीजवळ आहे, कारण दुसरीकडे जागा नाही. बायकोने त्यावरचे माझे कागद उचलले, स्वच्छ कापड घातलं आणि ऑम्लेट, पाव आणि चहा दिला. बाई म्हणाल्या, फार घरगुती वाटतं हो इथे. गृहस्थ भिंतीवर चिकटवलेल्या माझ्या चित्रांकडे बघत होते.

"काय आहे ते?" बाईंनी विचारलं. "चष्मा नाही आणला मी. वाचून दाखवा ना."

त्यांनी वाचून दाखवलं. फार वाईट वाचून दाखवलं. एक चौकट गाळली, शेवटचं वाक्य आधी सांगितलं, टेबलफॅनला त्यांनी सूर्यफूल म्हटलं. बाई इतक्या हसल्या की चहा सांडला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून बघत होतो. विनोद माझा, पण हशा त्यांना मिळाला, म्हणून मला राग यायला हवा होता. मी त्याची वाट बघितली, पण तो काही आला नाही.

ते गेल्यावर बायको टेबल पुसता पुसता म्हणाली, "भावजींना फोन का नाही करत?"

"बघून झालं की तोच करेल."

"आणि दिसतच नसेल तर?"

ती फडकं धुवायला आत गेली. मी वहिनीला फोन लावला. आधी वहिनीने दार लोटून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "तुम्ही पत्ता पाठवलात ना, त्याच्या आदल्या आठवड्यात उरलेलंही गेलं, भावजी. तुम्हाला सांगू देईनात. म्हणाले, त्याचं कपाट पडलंय, त्यात हे कशाला." मग तिचा आवाज बदलला. "पण तुम्ही याच. ते रोज ऐकतात तुमचं. एकटेच हसत बसतात. मला कळतच नाही काय चाललंय."

ऐकतात म्हणजे काय ते मलाही कळलं नाही. मी रजेचा अर्ज न देता निघालो. माझ्या नोकरीतला तो एकमेव बेकायदा प्रवास.

दादा खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता. मी समोर बसलो तर तो माझ्या कानाच्या पलीकडे कुठेतरी बघत माझ्याशी बोलू लागला. मांडीवर टॅबलेट होती. डोळ्यांच्या दवाखान्यातल्या कोणी तिच्यात वाचून दाखवणारी एक बाई बसवून दिली होती. बाई म्हणजे नुसता आवाज. बोट फिरवलं की पडद्यावर जे असेल ते ती वाचायची.

"आणि जिथे चित्र असेल," दादा म्हणाला, "तिथे चित्राखाली लिहिलेलं असतं ते वाचते. न दिसणाऱ्यांसाठी असतं म्हणे ते. वाचून झालं की पुढे 'चित्र' असं सांगते. ऐक."

त्याने बोट फिरवलं. बाई सुरू झाली. रेल्वेच्या घोषणेसारखी, ना सुख ना दुःख.

"कपाट. चित्र. पुन्हा कपाट. चित्र. तेच कपाट, वेगळा दिवस. चित्र. हे का विचारतात कळत नाही. चित्र. अनिवार्य आहे म्हणे, बरं बाबा, कपाट. चित्र. सेक्रेटरी येऊन गेले, बिस्किटं संपली. चित्र. आज साहेब रजेवर, हवा छान आहे. चित्र."

दादाचे खांदे हलत होते. "कसली वाचते बघ. एकदाही हसत नाही." त्याने डोळे पुसले, ते पाणी हसण्याने आलं होतं की तसंच येतं आता, मला सांगता येत नव्हतं. "मी हिला म्हटलं," वहिनीच्या दिशेने हात करून तो म्हणाला, "बघ, मला दिसणार नाही हे ओळखून त्याने माझ्यासाठी म्हणून वेगळं लिहिलंय. एवढं सुचलं त्याला."

वहिनीने माझ्याकडे बघितलं. मला इतकं कधीच सुचत नाही हे तिला पक्कं माहीत आहे. मी माझ्या बुटांकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या हुशारीचं कौतुक करत होतं आणि मी तोंड उघडलं असतं तर तेही गेलं असतं. बाई मात्र थांबली नव्हती.

"हे वाकडं आलंय, पण दादाला चालेल. चित्र. दादाला दिसेल का. चित्र. आज दादाशी बोललो, आवाज बरा होता, डोळ्यांचं विचारलं नाही, धीर झाला नाही. चित्र. टेबल राखून ठेवा. बटण."

दादाने बोट उचललं. वहिनी उठून आत गेली.

"मग आता विचार," दादा म्हणाला.

"काय?"

"धीर झाला नाही म्हणतोस ते."

मी विचारलं, "दिसतं का रे, दादा?"

"नाही," तो म्हणाला. "उजेड कळतो. कोणी हललं की कळतं. तुझा शर्ट पांढरा आहे ना?"

शर्ट फिकट निळा होता. इतक्या वेळा धुतलेला की पांढरा म्हटलं तरी चाललं असतं. "हो," मी म्हणालो.

"तुझं कपाट सगळ्यात शेवटी गेलं," तो म्हणाला. "तू पूर्वी पाठवलेला एक कागद भिंतीला लावून ठेवला होता. माणसं गेली, अक्षरं गेली, चौकोन दिसत होता. मग एके सकाळी तोही नव्हता."

"मी लवकर करायला हवं होतं."

"सरकारी कपाट आहे," दादा म्हणाला. "वेळ लागतोच."

मला वाटलं, हा विनोद आहे, हसायला हवं. मी हसायला गेलो आणि ते वेगळ्याच बाजूने बाहेर आलं. त्याने हात पुढे केला, थोडा चुकला, मग माझा गुडघा सापडला. त्यावर तो बराच वेळ थोपटत बसला, लहानपणी मी पडल्यावर थोपटायचा तसा.

अजूनही मी दर आठवड्याला चित्र काढतो. आता वेळ चित्राला कमी आणि रकान्याला जास्त लागतो. कपाट कुठे उभं आहे, पंखा कुठल्या बाजूला मान वळवून नाही म्हणतोय, दारातून कोण आत आलं, सगळं लिहितो. दादाला ते फारसं आवडत नाही. "अलंकारिक व्हायला लागलास," असं त्याने कळवलंय. "ती बाई वाचताना अडखळते. तू आपलं बिस्किटं संपली वगैरे लिही." सेक्रेटरींचा संदेश अजून आलेला नाही. हिरवं बटण अजून आहे. खिडकीजवळचं टेबल बायको अधूनमधून पुसून ठेवते. कोणासाठी, ते मी विचारत नाही.

बायको एकदा म्हणाली, दिसत नाही तर नुसतं लिहून पाठवलं तर नाही का चालणार? चाललं असतं. मी ते दादालाही विचारून बघितलं. तो केवढ्याने ओरडला. "चित्र नसेल तर बाई वाचणार कशाखालचं? काढायचं म्हणजे काढायचं. फसवायचं नाही."

परवाच्या रविवारी मी नवं चित्र चढवलं आणि थोड्याच वेळात त्याचा फोन आला. ऐकून झालं होतं. बरं आहे म्हणाला, शेवट लांबला म्हणाला. मग त्याने विचारलं, "वीट काढलीस का?"

मी समोरच्या पडद्यावर बघितलं. कपाट होतं, पंखा होता, साहेब बटाट्यासारखे दारात उभे होते. मोडक्या पायाखाली काही नव्हतं.

"काढली," मी म्हणालो. आणि फोन ठेवून काढली.